झोळीत न गेलेली मोटार

अहो, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. एक टोक आपल्या दुकानासमोरच्या विजेच्या खांबाला आणि दुसरं पलीकडच्या लिंबाला. फोटो आपल्या लेकीच्या, सुजाताच्या लग्नातला घेतलाय. फेट्याखाली तुम्ही असे कावलेले दिसता, की कुणालाही वाटावं, हा माणूस गेला तो रागावूनच गेला. खालचा एक कोपरा सुटलाय आणि वारा आला की फडफड वाजतो. येणारे-जाणारे हात जोडतात आणि बाजाराला जातात. माझी नजर मात्र त्या कोपऱ्यावरच जाते. तुम्ही असता तर पक्कड घेऊन स्टुलावर चढला असता, आणि स्वतःचा फ्लेक्स स्वतः आवळून खाली उतरला असता.

काष्टीतल्या कितीतरी विहिरींवरच्या मोटारी तुमच्या हातून भरून गेल्या. मोटार जळाली की जुनी तार काढून तांब्याची नवी भरायची, पायावर बसवायची आणि नट असे आवळायचे की पुन्हा कुणाच्या बापाला हलवता येऊ नयेत. हा तुमचा धंदा, आणि स्वभावही तोच. लोणच्याच्या बरणीचं झाकण तुम्ही लावलंत की मला ते फडक्यानं, चमच्यानं, शेवटी गरम पाण्यानं उघडावं लागायचं. मोरीतला नळ तुम्ही बंद केलात की सकाळी मी त्याच्याशी झुंजत बसायची. "घट्ट असलं की गप असतंय," हे तुमचं ठरलेलं वाक्य. तुम्ही मोटारीबद्दल बोलायचात, मला ते घरातल्या सगळ्याबद्दल ऐकू यायचं. आणि मी कोण, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना जन्मभर "पेन्सिल सैल धरा रे" असं सांगत आलेली बाई. तुम्हीही मला बाईच म्हणायचात, गाव म्हणतं तसं. या दोघांचं कसं जमलं, ते ज्यानं जमवलं त्यालाच ठाऊक.

साठी उलटल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, तुम्ही दुर्बीण करायला घेतलीत. का, असं विचारलं तर म्हणालात, "जलमभर हिरीत वाकून बघितलं, आता जरा वर बघू." मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. मग काचेच्या दोन जाड चकत्या आल्या, मधे घालायची खरखरीत पूड आली, आणि वाळू भरलेल्या ड्रमवर काच ठेवून तुम्ही तिच्याभोवती फिरत फिरत ती घासायला लागलात. शेजारच्या कुसुमताई हळूच विचारून गेल्या, भाऊंनी कसला नवस बोललाय का, रोज ड्रमला प्रदक्षिणा चालू असतात. मी हो म्हणून टाकलं. नवरा घरी आरसा बनवतोय हे समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आरसा झाला, पुण्याहून त्याला चकचकीत मुलामा देऊन आणलात. पाइपलाइनमधला उरलेला जाड पाइप कापून त्याची नळी केलीत. बुडाशी आरसा, वरच्या तोंडाशी डोळा लावायचं भिंग. पहिल्या संध्याकाळी चंद्र दाखवलात, तेव्हा मी म्हणाले की याला लहानपणी देवी येऊन गेलेल्या दिसतात. तुम्हाला ते लागलं. आरशाला नावं ठेवल्यासारखं वाटलं असणार. मी नावं ठेवत नव्हते हो. माझ्या डोळ्याला पाणी आलं होतं आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी काहीतरी बोलले होते. हे तेव्हा सांगायचं राहिलं, आता सांगते.

सगळं बिघडलं ते पंख्यापायी. आपली गच्ची दिवसभर तापते, तिच्याबरोबर आरसाही तापतो, आणि संध्याकाळी तो निवेपर्यंत नळीतून गरम हवा वर येत राहते. त्या हवेतून बघितलं की गुरू असो नाहीतर शनी, पातेल्यात उकळतोय असं दिसतं. म्हणून तुम्ही भंगारातल्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणलात आणि आरशाच्या पाठीमागे, नळीच्या बुडाला चार नट-बोल्ट मारून बसवलात. आरसा लवकर निवायला लागला हे खरं, आणि पंखा बंद केला की पुन्हा उकळी यायची, म्हणून तो चालूच ठेवायचा. पण पंख्याच्या इवल्याशा मोटारीची थरथर नळीत उतरली. शनी उकळायचा थांबला आणि कुडकुडायला लागला.

तेव्हापासून आपल्या संध्याकाळी ठरून गेल्या. मी वर भिंगाला डोळा लावून बसायची, तुम्ही खाली नळीच्या बुडाशी पाना घेऊन. तुम्ही नट पिळायचात आणि विचारायचात, "आता?" मी म्हणायची, "हलतंय." पुन्हा पिळायचात. "आता?" "हलतंय." कुणी खालून ऐकलं असतं तर त्यांना वाटलं असतं, म्हातारा-म्हातारी भूकंपाची वाट बघतायत.

यंदा तुम्हाला जास्तच घाई होती. शनीचं कडं यंदा आपल्याकडे कड करून उभं आहे, असं तुम्ही मला जेवणाच्या ताटावर समजावलं होतंत. ताट डोळ्यासमोर आडवं धरलंत आणि म्हणालात, बघ, आता ताट दिसतंय का नुसती काठाची रेघ. भाजीचा रस्सा माझ्या मांडीवर सांडला, पण मला समजलं. ती रेघ इतकी बारीक, की चित्र जरा हललं तरी पुसून जाते. पुढच्या वर्षी कडं थोडं उघडेल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी, मग कुणालाही दिसेल. तुम्हाला ते कुणालाही दिसणारं कडं नको होतं. तुम्हाला रेघ बघायची होती. बघायची होती म्हणजे आधी मला दाखवायची होती. प्रत्येक वेळी पहिला डोळा तुम्ही मलाच लावायला सांगितलात. मी ते काम समजत होते. तुम्ही मान देत होतात, हे आत्ता गच्चीवर एकटी चढायला लागल्यावर लक्षात येतंय.

खटपट तुम्ही कमी केली नाहीत. नटाखाली स्प्रिंगचे वॉशर घातलेत. मग सायकलच्या ट्यूबचं रबर कापून पंख्याखाली घातलंत, आणि त्यावर नट इतके आवळलेत की त्या रबराचा पापड झाला. पापडाने काय थरथर अडणार? एकदा मात्र तुम्ही खरोखर डोकं चालवलंत. पंख्याचं एखादं पातं हलकं असेल म्हणून मोटार डगमगत असेल, असं म्हणून माझ्या टिकल्यांचं पाकीट मागितलंत. एकेका पात्याला टिकली चिकटवायची, पंखा लावायचा, मी बघायचं. कुठल्याशा पात्याला लाल टिकली लागली आणि थरथर एकदम निम्म्यावर आली. मी "अहो, कमी झालं" म्हणाले तर तुम्ही माझ्या कपाळाकडे बघून म्हणालात, "तरी म्हनलं, तुज्या डोक्यात गरगरत कसं न्हाई." तुमच्या तोंडून आलेली स्तुती म्हणावी असं तेवढं एकच वाक्य मला आठवतं.

उरलेली निम्मी थरथर कशी जाईल, ते मी तुम्हाला सांगत होते. आपली नात चिऊ बाळ असताना सुजाता तिला घेऊन आपल्याकडे राहिली होती, ते आठवा. खाली दुकानात तुम्ही मोटार चालवून बघितलीत की वर फळीवरची भांडी वाजायची. चिऊला पलंगावर निजवलं की ती दचकून उठायची आणि टाहो फोडायची. मग मी माझं जुनं सुती पातळ तुळईच्या कडीला बांधून झोळी केली. त्यानंतर तुम्ही पाच हॉर्सपॉवरची मोटार घरघरवलीत तरी पोरगी गाढ झोपलेली. पलंग हादरायचा, भांडी नाचायची, झोळीतलं बाळ ढिम्म. जे टेकलेलं आहे त्याला हादरा लागतो, जे सैल लोंबतंय त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. उलटंही तेच असणार. हलणारी वस्तू झोळीत घाला, तिचा हादरा घराला लागणार नाही. म्हणून मी म्हणाले, ते नट काढा आणि पंखा रबराच्या पट्ट्यांवर नळीत अधांतरी टांगा.

तुम्ही पाना खाली ठेवून माझ्याकडे बघितलंत. "मोटार काय बाळ हाय व्हय, झोळीत घालायला?"

तुमचं सगळं आयुष्य पायावर पक्क्या बसवलेल्या मोटारींत गेलं. सैल मोटार म्हणजे बेअरिंग गेलं, शाफ्ट वाकला, शेतकरी शिव्या देत दुकानात आला. तळहाताएवढ्या पंख्यालाही तुम्ही विहिरीवरची मोटारच समजत होतात. मी म्हणायची सैल, तुम्ही म्हणायचात घट्ट. चहाला तो वाद, जेवायला तो वाद. सुजाताचा फोन आला की तीसुद्धा आधी विचारायची, काय ठरलं, सैल की घट्ट?

शेवटच्या संध्याकाळी तुमच्या अंगात कणकण होती. मी नको म्हणत असताना गच्चीवर आलात. बुडाशी बसलात, चारही नट पुन्हा एकदा पिळलेत, दात आवळून पिळलेत ते मला वरून ऐकू आलं. "आता?" मी खरं तेच सांगितलं. आणि तुम्ही, ज्यांनी कधी माझ्या डोळ्यावर शंका घेतली नव्हती, ते म्हणालात, "तुझा डोळाच हलतोय, बाई." मला राग आला. मी म्हणाले, मग बसा स्वतःच. तुम्ही काही बसला नाहीत. उद्या बघू म्हणून जिना उतरलात. त्या उद्याला तुमचा ताप चढला होता, आणि परवा आपण नगरला दवाखान्यात होतो.

छातीत न्यूमोनिया भरला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सलाइन, आणखी कसल्या कसल्या नळ्या. तुम्हाला भ्रम व्हायला लागला आणि तुम्ही त्या नळ्या उपटायला लागलात. मग त्यांनी तुमचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधले. मला भेटायला सोडलं तेव्हा मी ते बघितलं. अख्ख्या गावाचे नट आवळणारे हात, आणि कुणीतरी त्यांनाच आवळून ठेवलेलं. मी सिस्टरला विनवलं, मी इथे बसते, मी धरून ठेवते, पट्ट्या सोडा. पोरगी चांगली होती, आवाज चढवला नाही. म्हणाली, "मावशी, तुमच्याच्यानं नाही धरवणार त्यांना. मास्क काढला तर अवघड होईल." ती खरं तेच बोलत होती.

तुमच्या पलंगावर हवेची गादी होती आणि तिचा पंप पायाशी कठड्याला अडकवलेला होता. तो सारखा घुर्र करायचा. मला तर नुसता आवाज येत होता, पण तुमची बोटं कठड्यावर टेकलेली होती, आणि बोटांना मोटार कळत नाही असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? बोटं जरा जरा हलत होती. मी वाकले तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. ओळखलंत, हे नक्की. मास्कच्या आतून म्हणालात, "बाई, सैल."

मी म्हणाले, काय? तुम्ही पुन्हा म्हणालात, "सैल कर."

एवढंच. मग डोळे मिटलेत. मी सिस्टरकडे बघितलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. मी हातरुमालाची घडी केली आणि ती पंप आणि कठडा यांच्या मधे सरकवली. घुर्र जरा कमी झाली. तुमची बोटं थांबली, की तुम्हाला झोप लागली, ते मला कळलं नाही. वेळ संपली म्हणून मला बाहेर काढलं. पहाटे आतून माझ्या नावानं हाक आली, तेव्हाच समजले.

तर अहो, तुम्ही काय म्हणालात? हात सोड म्हणालात का? पंपाची थरथर पलंगातून अंगात येत होती, ती थांबव म्हणालात? की भ्रमातही आपलाच वाद चालू होता आणि तुम्ही एकदाचं मान्य केलंत की बाई, तुझं खरं, सैल कर? हे तिसरं असावं असं मला वाटतं, कारण मग मी जिंकले. आणि तसं वाटलं की लगेच ते पहिलं आठवतं. तुम्ही हातांबद्दल बोलत असाल, तर तुम्ही माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितलीत आणि ती मी देऊ शकले नाही. कुणाला विचारू? सुजाताला सांगितलं तर ती फोनवर रडायला लागली. म्हणून तिच्याकडेही तो विषय आता काढत नाही.

पट्ट्या मी सोडल्या. तुम्ही गेल्यावर. त्यांची गाठ अगदी साधी होती, एका ओढीत सुटली.

दहाव्याला वन्सं आल्या होत्या. तुमची बहीण, तिच्या दुःखाला मी काय बोलू? पण सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दादा रोज शनीला डोळं लावून बसायचा. शनीकडं असं समोरून बघत्यात का? त्यानं बघितलं मग." बायकांनी माना डोलावल्या. आपल्याच जिल्ह्यात शिंगणापूर, इथे शनीशी कोण थट्टा करणार. मी शाळेत मुलांना ग्रहांचे तक्ते दाखवलेली बाई, मला सांगायचं होतं की तो एक गोळा आहे, आपण त्याच्याकडे बघतो हे त्याला माहीतसुद्धा नाही. नाही सांगितलं. कारण दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसून मी मनातल्या मनात त्याच गोळ्याला तेल बोलले होते. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही मला वर्षभर चिडवलं असतंत. चिडवायला हवं होतंत.

त्याच दिवशी कुणीतरी माझ्या कपाळाकडे बघून चुळबूळ केली. मी टिकली काढलेली नाही. तुम्ही पंख्याला लावलेली टिकली अजून पात्यावर आहे, मग मी कशाला काढू?

काल जेवण झाल्यावर मी गच्चीवर गेले. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या दुपारीच कापून ठेवल्या होत्या. दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या पट्ट्या माझ्या पिशवीत तशाच आल्या होत्या. त्यांनीच पंखा टांगावा असं एकदा मनात आलं. नाही टांगणार त्यांनी, काहीही झालं तरी. त्या ट्रंकेच्या तळाशी टाकल्या. ठरवून गेले होते की नट काढायचे, पंखा झोळीत घालायचा आणि रेघ बघायची. तुम्ही तिसरं म्हणाला असाल तर तुमचा शब्द राखला जाईल, आणि नसाल तरी कुणाचं काही सैल केल्याचं समाधान मला मिळेल.

पाना लावला. नट हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, गुडघा टेकवला, काही नाही. मग तुम्हीच शिकवलेली युक्ती आठवली, पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवून दांडा लांब करायचा. चढवला आणि ओढला. नट कुरकुरला आणि केसभर फिरला.

तिथे मी थांबले. माझ्या मनात आलं, तुमच्या हाताचा जोर आता कुठे कुठे राहिलाय? दुकानातल्या मोटारी ज्याच्या त्यानं नेल्या. बरण्यांची झाकणं आल्या-गेल्यांच्या स्वयंपाकात उघडली गेली. मोरीतला नळ सुजाताच्या नवऱ्यानं कौतुकानं नवा बसवून दिला, एका बोटानं फिरतो. उरले हे चार नट. तुम्ही तापाच्या अंगानं, दात आवळून पिळलेले. मी चटकन नट उलटा फिरवून होता तिथे नेऊन बसवायला गेले. सगळा जोर लावला. तो बसला, पण तुमचा होता तसा नाही बसला. आता तीन नट तुमचे आहेत आणि एक माझा.

तुमचे हात मला सोडू दिले नाहीत. हा नट सुटत होता, तर मलाच तो सोडवला नाही. सैल म्हणणारी मी, आणि माझ्याच्यानं काहीच सैल होत नाही, हे तुम्हाला कळलं असतं तर केवढे हसला असतात.

मग तशीच उठले, पंख्याचं बटण दाबलं आणि भिंगाला डोळा लावला. शनी होता. वाटाण्याएवढा, पिवळा, कुडकुडणारा. रेघ काही दिसली नाही. पुष्कळ वेळ बघितलं, आणि सवयीनं मोठ्यानं बोलून गेले, "हलतंय." मग डोळा तसाच लावून ठेवला, आणि खालून तुम्ही "आता?" म्हणायची वाट बघत बसले.